हात धुवायचा अर्धा तास

साडेसातचे सात केले. एवढंच केलं होतं मी.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर चालवतो. दिवसात किती हीट झाल्या (एकदा भट्टीत वितळवलेला माल म्हणजे एक हीट), कुठल्या हीटमध्ये कार्बन-सिलिकॉन किती, ओतताना तापमान किती, किती नग रिजेक्ट झाले आणि कशामुळे, असल्या नोंदी त्यात असतात. रात्रपाळी अकराला सुरू होऊन सकाळी सातला संपते. म्हणजे मध्यरात्रीनंतरची हीट कॅलेंडरच्या दृष्टीनं उद्याची, पण हिशेबाला आजची. त्यासाठी कोडमध्ये एक अट होती : सकाळी साडेसातच्या आतली नोंद आदल्या रात्रपाळीत धरायची. एका दुपारी दुसरंच काहीतरी शोधताना ती ओळ दिसली. पाळी सातला संपते, मग इथं साडेसात कशाला? चुकून पडलं असणार. मी सात केलं, टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या झाल्या आणि मी मिसळ खायला बाहेर पडलो.

महिनाअखेरीला फोन आला. रात्रपाळीच्या माणसांचा प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह कमी निघाला होता. रोजची शेवटची हीट त्यांच्या नावावरून गायब होऊन पहिल्या पाळीला जमा होत होती. पहिल्या पाळीनं याची तक्रार केली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारा गिट नावाचा प्रोग्रॅम आम्ही वापरतो. त्यात कुठली ओळ कुणी, कधी लिहिली हे दाखवणारी एक कमांड आहे, तिचं नावच ‘ब्लेम’. ती चालवली. साडेसातच्या जुन्या ओळीपुढं माझंच नाव, तीन वर्षांपूर्वीची तारीख, आणि बदलाची माहिती म्हणून मीच लिहिलेले दोन शब्द : ‘शिफ्ट फिक्स’. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं, तेव्हापासून काय बदललं, कधी बदललं, कुणी बदललं हे विसरायची सोय उरलेली नाही. का बदललं, याची जागा मात्र ज्यानं त्यानं भरायची असते. आम्ही ती ‘शिफ्ट फिक्स’नं भरतो.

फौंड्रीत मीटिंग झाली. साडेसात का होतं, असं मला विचारलं. मी जराही न अडखळता सांगितलं, “मशिनची घड्याळं थोडी मागंपुढं असतात, म्हणून मीच अर्धा तास सैल सोडला होता.” सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही ते पटलं. मीटिंग संपवून भट्टीकडं गेलो, तर रात्रपाळीचे एक मामा घरी न जाता थांबले होते. ते म्हणाले, “घड्याळाचं काय न्हाई ओ. सातला मेटल ओतून संपतंय. मग हात-तोंड धुवायचं, मग कॉम्प्युटरला हात लावायचा. काळ्या हातानं बटणं दाबली की तुमचाच माणूस ओरडतोय. तुम्हाला सांगितलंतं की मागं, च्या पिताना.”

सांगितलं होतं. ते बोलल्याबरोबर सगळं आठवलं : काचेचा ग्लास, कूलरचा आवाज, कुणीतरी टॉवेलानं मान पुसतंय. तो अर्धा तास हात धुवायचा होता. पैसे पुढच्या महिन्यात भरून मिळाले, तो विषय तिथंच मिटला. माझ्या डोक्यातून मात्र ती मीटिंग जाईना. विसरलो होतो याचं फार वाटलं नाही. विसरलेलं असूनही मी इतक्या आत्मविश्वासानं बोललो कसा?

त्यानंतर काही महिने मला कागदपत्रं करायचा आजार जडला. आमच्या धंद्यात त्यासाठी एक मान्य पद्धत आहे. मायकेल नायगार्ड या प्रोग्रॅमरनं २०११ च्या नोव्हेंबरात ती सुचवली : मोठा निर्णय घेतला की त्याची पान-दोन पानांची एक फाइल करायची. शीर्षक, स्थिती, संदर्भ, निर्णय, परिणाम. फाइल कोडच्याच शेजारी ठेवायची. पुढं निर्णय फिरवला तर जुनी फाइल पुसायची नाही, तिच्यावर ‘याची जागा अमुक क्रमांकानं घेतली’ एवढं लिहून नवी करायची. नॅट प्राइस यानं त्यासाठी टर्मिनलवर चालणारी छोटी अवजारंही केली; एक कमांड दिली की पुढचा क्रमांक घातलेली कोरी फाइल तयार. ही भूक जुनी आहे. १९७० साली होर्स्ट रिटेल आणि वर्नर कुंझ यांनी प्रश्न, त्यावरच्या भूमिका आणि प्रत्येक भूमिकेच्या बाजूचे-विरुद्धचे मुद्दे मांडून ठेवायची एक रीत काढली होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ती कॉम्प्युटरवरही आली. सगळ्या रीतींची अडचण एकच. लिहिणाऱ्याला आज त्रास होतो आणि उपयोग होतो तो दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणाला तरी.

तरी पद्धत चांगली आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाला तर ती नवी वाटायचं कारण नाही. दसरा चौकातून जाता-येता शाहू महाराजांचा पुतळा दिसतो. २६ जुलै १९०२ चा हुकूम आपण शाळेत एका वाक्यात पाठ करतो : मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के राखीव जागा. मूळ हुकूम वाचला तर तो आकड्यानं सुरूच होत नाही. सर्व थरांत शिक्षण पसरावं म्हणून प्रयत्न केले, मागासलेल्या वर्गांत अपेक्षेएवढं यश आलं नाही, त्याचा विचार केल्यावर असं दिसलं की उच्च शिक्षणाचं फळ पुरेशा लोकांपर्यंत पोचत नाही, म्हणून इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या या वर्गांना. आणि शेवटी, खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा. संदर्भ, निर्णय, परिणामांवर नजर, सगळं एका कागदावर. या हुकमावर आज वाद घालायचा तर कारणाशी घालता येतो, कारण ते तिथं लिहिलेलं आहे.

मी तशा सहा फाइली केल्या. सातवी कोरीच पडून आहे. कंटाळा आला हे खरंच, पण एक गोष्ट लक्षातही आली. त्या सहांतली एकही मला कधी उघडावी लागली नाही. डेटाबेस कुठला घ्यायचा हे आम्ही विसरणारच नव्हतो, त्यावर तीन मीटिंगा आणि एक भांडण झालं होतं. मोठ्या निर्णयाच्या आठवणीला साक्षीदार असतात. हात धुवायच्या अर्ध्या तासासाठी संदर्भ आणि परिणामांचे रकाने कोण भरत बसणार? हुकूम वर्षातून चार निघतात. दिवसात चाळीस गोष्टी आपण हुकमाशिवायच ठरवतो.

आमचे आण्णा शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. एकदा जेवताना मी हे सगळं त्यांना सांगत होतो. सॉफ्टवेअरमधलं त्यांना फारसं कळत नाही आणि कळवून घ्यायची इच्छाही नाही. भाकरी मोडता मोडता म्हणाले, “म्हणजे तुमच्यात खतावणी हाय आणि कीर्द न्हाई, असं म्हण की.”

ज्यांनी अडतीचं दुकान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कीर्द म्हणजे रोजची वही. जे ज्या क्रमानं घडलं ते त्याच क्रमानं एकाखाली एक लिहायचं : शेतकऱ्याला उचल दिली, हमाली दिली, बारदान आणलं, चहाचे दिले. कुठल्या खात्यात काय जातं याचा विचार तेव्हा करायचा नाही. तो विचार खतावणीचा. तिथं प्रत्येकाच्या खात्यावर नोंदी सवडीनं चढवायच्या. कीर्दीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी दुरुस्ती. आणि कीर्द त्याच दिवशी लिहायची. शिल्लक जुळल्याशिवाय आण्णा दुकानातून उठायचे नाहीत. चार आण्यांच्या फरकापायी आई ताट झाकून बसलेली मला चांगली आठवते.

मी विचारलं, “सकाळी ताज्या डोक्यानं लिहिली तर काय बिघडतंय?”

“सकाळी लिहायला बसलं की जुळवाय लागतंय माणूस,” आण्णा म्हणाले. “शिल्लक किती यायला पाहिजे ते ठाऊक असतंय न्हवं.”

घड्याळं मागंपुढं असतात, हे मी मीटिंगमध्ये जुळवलं होतं.

हीच गोष्ट पुढं मला फौंड्रीतही भेटली. तिथं साध्या बिडाबरोबर एसजी आयर्नही ओततात. साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखा असतो, म्हणून बीड ठिसूळ. हातोडा बसला की तुकडा. वितळलेल्या लोखंडात ओतण्याआधी मॅग्नेशिअम मिसळलं की तोच ग्रॅफाइट बारीक गोळ्यांच्या रूपात गोठतो आणि बीड तुटायच्या आधी वाकायला शिकतं. तेच एसजी आयर्न. फक्त मॅग्नेशिअम साधारण १०९० अंशांना उकळतं आणि लॅडलमधलं, म्हणजे ओतायच्या भांड्यातलं, लोखंड चौदाशेच्या वर असतं. म्हणजे घातल्या क्षणापासून ते उडून जायला लागतं. दहा-बारा मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं. याला फौंड्रीत ‘फेडिंग’ म्हणतात, आणि ट्रीटमेंट झाल्यावर लॅडलवाल्याला वाटेत कुणी हाक मारत नाही. उशिरा ओतलेला नग बाहेरून अगदी तसाच दिसतो. तोच आकार, तोच पृष्ठभाग, वजनही तेच. कापून, घासून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला की दिसतं : गोळे झालेच नाहीत.

तिथल्या लॅबमध्ये क्वालिटीच्या पोरानं मला एकदा दोन नमुने शेजारीशेजारी दाखवले. एकात काळे गोल ठिपके, दुसऱ्यात गोळ्यांऐवजी नुसती किडमिड. मी म्हटलं, “हे कुठल्या कंपनीचं?” तो म्हणाला, “दोन्ही आपलंच. एकाच लॅडलचं. पहिला साचा आणि शेवटचा.”

त्याच आठवड्यात मी एक छोटं हत्यार लिहिलं. दीडेकशे ओळींचा प्रोग्रॅम आहे, विकण्यासारखं त्यात काही नाही. नाव ‘कीर्द’. काम करता करता तीन बटणं एकदम दाबली की स्क्रीनच्या मधोमध एक खोका उघडतो. त्यात काय ठरवलं आणि का, ते लिहायचं, एंटर मारायचं, खोका गेला. तारीख, वेळ, कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर होतो, हे तो स्वतः उचलतो. ओळीचा क्रमांक उद्या बदलतो, म्हणून त्या ओळीचा मजकूरही सोबत घेतो. हे सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलच्या शेवटी जाऊन बसतं आणि फाइल कोडबरोबर गिटमध्ये जाते. कोडमधल्या एखाद्या ओळीवर थांबून दुसरी बटणं दाबली की तिच्याबद्दलच्या जुन्या नोंदी समोर येतात. नोंद बदलायची सोय ठेवलेली नाही. चुकलं तर खाली नवी लिहा.

पहिल्या आवृत्तीत पाच रकाने होते. मी स्वतःच ते चार दिवसांत टाळायला लागलो. मग तीन केले : काय ठरलं, का, काय नाकारलं. तिसऱ्या रकान्यापाशी मी खुर्चीत मागं रेलून विचार करतोय, असं लक्षात आलं, आणि विचार करायला लागलं की भाषा सुधारते. शेवटी एकच रकाना उरला, त्यात २०० अक्षरं. पुढचं अक्षर खोका घेतच नाही. लोकांना वाटतं हे वेळ वाचवायला केलंय. वेळ वाचतो, पण तो दहा सेकंदांचा हिशेब मी लॅडलवाल्यासारखा धरलाय. लिहायला जास्त वेळ मिळाला की मी जुळवाय लागतो.

सुरुवातीला नोंदी इंग्रजीत करायचो, कारण कोड इंग्रजीत. महिनाभरानं वाचून बघितल्या, तर सगळ्या एकाच माणसानं टाय घालून लिहिल्यासारख्या. ‘फॉर परफॉर्मन्स रीझन्स’, ‘फॉर बेटर मेंटेनेबिलिटी’. त्यातलं एकही कारण मला त्या क्षणी डोक्यात आलेलं आठवेना. इंग्रजीत लिहिलं की माझ्या कारणाला आपोआप इस्त्री होते. मी कीबोर्ड मराठीवर आणला. टायपिंग अडखळायला लागलं, पहिले दहा-बारा दिवस जोडाक्षरांशी मारामारी झाली, पण नोंदींची जात बदलली.

‘पीडीएफसाठी जुनीच लायब्ररी ठेवली. नवी चांगली आहे, पण वाचायचा कंटाळा आला.’

‘रिजेक्शनच्या कारणांची यादी अकरावर थांबवली. बारावं टाकलं की मोबाइलवर सरकवावं लागतं, आणि पहाटे तीनला कोण सरकवत बसतंय.’

‘हा रकाना सक्तीचा केला नाही. सक्तीचा केला की लोक शून्य टाकतात. रिकामा बरा.’

ही शेवटची नोंद मला आवडते. तीत एक खरं शहाणपण आहे आणि ते माझं नाही, शॉप फ्लोअरवरचं आहे. पण अशा थोड्या. बाकीच्या बहुतेकांत कंटाळा, घाई, भूक, कुणालातरी नाही म्हणायची भीती, आणि ‘का माहीत नाही, पण चालतंय’. वीसेक वर्षं मी स्वतःला विचारपूर्वक काम करणारा माणूस समजत आलो होतो. वही काही तसं म्हणत नव्हती. आण्णांना हे सांगितल्यावर ते हसले. दुकानात एका शेठजींच्या कीर्दीत चहाचा खर्च हमालीपेक्षा जास्त निघाला होता, त्याची गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा सांगितली. ती गोष्ट दर वेळी थोडी वाढते.

अशा लाजिरवाण्या कारणांचा उपयोग काय, असं मलाही वाटायचं. पण दीड वर्षानं एखाद्या ओळीवर थांबावं आणि तिथं ‘कंटाळा आला म्हणून’ दिसावं, यासारखा दिलासा नाही. ती ओळ बिनधास्त बदलता येते. ‘फॉर परफॉर्मन्स रीझन्स’ लिहिलं असतं तर घाबरून हात लावला नसता. कोण जाणे, काहीतरी खोल विचार असेल म्हणून. आणि जिथं ‘हात धुवायला’ लिहिलंय, तिथं कितीही विचित्र दिसली तरी ओळ तशीच ठेवायची. खोटं कारण दोन्हीकडून नाडतं : बदलण्यासारखं जपायला लावतं आणि जपण्यासारखं बदलायला.

एका ग्राहकाला सगळा कोड सोपवायची वेळ आली, तेव्हा मात्र मी रात्री एकटाच ती फाइल उघडून बसलो. खोक्यात खोडायची सोय नाही, पण टेक्स्ट फाइल शेवटी टेक्स्ट फाइलच. चार नोंदी काढल्या. कुठल्या चार आणि नेमक्या त्याच का, हे आता आठवत नाही. तेवढं लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. जुन्या इतिहासात त्या सापडतील, अजून शोधल्या नाहीत.

हल्ली बदलाची माहिती लिहायचं काम मशिन, म्हणजे एआय, करून देतं. काय बदललं ते बघतं आणि दोन वाक्यांत का बदललं तेही सांगतं, झकास इंग्रजीत. गंमत म्हणून मी त्याला सातचे साडेसात केलेला तो जुना बदल दाखवला. त्यानं लिहिलं की पाळी बदलताना नोंदींच्या वेळेत होणारा फरक सामावून घेण्यासाठी मुदत वाढवली. म्हणजे घड्याळं मागंपुढं असतात! मीटिंगमध्ये मी जे बोललो होतो, ते शब्दाशब्दाला. त्याला दोष देता येत नाही. ते चहाला नव्हतं, आणि मी असूनही नव्हतो.

पीटर नाउर या डॅनिश शास्त्रज्ञानं १९८५ साली म्हटलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे कागदावरचा मजकूर नव्हे, तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज. ती माणसं पांगली की प्रोग्रॅम मेला, मग कितीही कागद असोत. मला हे पटतं, आणि पटूनही कीर्द चालू आहे. ‘हात धुवायला’ हे दोन शब्द ज्यानं रात्रपाळीनंतरचे ते हात पाहिलेच नाहीत त्याला काय सांगणार? म्हणून आमच्याकडं नवीन कुणी आलं की पहिल्या आठवड्यात कोड दाखवत नाही. पहाटे साडेपाचला फौंड्रीत नेतो. पोरं शिव्या घालतात.

गेल्या वर्षी गडहिंग्लजची एक मुलगी रुजू झाली. हुशार आहे, आणि तिला विचित्र ओळी दिसल्या की चैन पडत नाही. फेब्रुवारीतली दुपार, बाहेर रखरखीत ऊन. ती म्हणाली, “दादा, प्रत्येक नोंद आधी फौंड्रीतल्या मशिनवर आणि मग आपल्या सर्व्हरवर, अशी दोनदा का लिहितोय आपण? थेट सर्व्हरवर गेली तर निम्मा कोड जाईल. काढू?”

“कीर्द बघ,” मी म्हटलं.

तिनं बटणं दाबली. नोंद जुलैतली होती, रात्री सव्वाअकराची. त्या दिवसांत कोल्हापुरात माणसं राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीपाशी पाणी हायवेवर आलं आणि रस्ता बंद पडला होता. ती मोठ्यानं वाचायला लागली : “‘पाणी ३९ ला गेलंय. शिरोलीत पुन्हा पाणी आलं तर नेट राहतंय का माहीत नाही. नोंदी आधी तिथल्याच मशिनवर. नीट विचार केलेला नाही. घाबरलोय.’”

ती माझ्याकडं बघायला लागली. मी खिडकीबाहेर. आता फौंड्रीत दोन-दोन कंपन्यांचं नेट आहे, मशिनही वरच्या मजल्यावर नेलंय. काढायला हरकत नव्हती. तसं मी म्हणालोही, बहुतेक. पण दोनदा ‘बघ बाबा’ म्हणालो असणार.

तिनं खोका उघडला, काहीतरी लिहिलं आणि एंटर मारून कामाला लागली. संध्याकाळी ती गेल्यावर मी त्या ओळीवर जाऊन बटणं दाबली.

‘दुहेरी नोंद ठेवली. गरज नाही. दादा अजून घाबरतात.’